चैत्रालीमावशीचा लाकडी वरवंटा

चैत्रालीमावशीला दिवस गेलेत ही बातमी मला कळली तेव्हा ती लीड्सला जाऊन परतसुद्धा आली होती. म्हणजे बातमी. मावशी इथंच होती. बातमीला साक्षीदारही होता. आमच्या नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळातल्या एक बाई स्वतःच्या स्कॅनसाठी हॉस्पिटलात गेल्या होत्या आणि त्यांनी पडद्यापलीकडून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आवाज चैत्रालीमावशीचा. शब्द असे: "आय ॲम थर्टी-टू वीक्स. द बेबी हॅजन्ट मूव्ह्ड सिन्स धिस मॉर्निंग. आय ॲम व्हेरी फ्रायटन्ड."

मग काय विचारता.

"चाळिशी उलटलीय गं तिची!"

"पण पोट कुठं दिसतंय?"

"या देशात वर्षातले आठ महिने कोट. काय दिसणार?"

अरुणाकाकूंनी तर थेट डोहाळजेवण काढलं. अरुणाकाकू मूळच्या नागपूरच्या, पण आयुष्य गेलं इथल्या एका जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, रिसेप्शनवर. त्यामुळे त्या बोलतात नागपुरी आणि हाक मारतात इथल्या लोकांसारखी, सगळ्यांना डक म्हणून. "मी सांगून राहिली नं तुम्हाला, डक, मुलगीच होते. चेहरा पाहा तिचा, कसा उतरून राहिला." हिरव्या बांगड्यांसाठी त्यांनी लेस्टरला फोनसुद्धा करून ठेवला होता.

चैत्रालीमावशीला दिवसबिवस काही नव्हते. पडद्यापलीकडे बत्तीस आठवडे झालेली बाई वेगळी होती, जपानी होती, आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. मावशी दुभाषी आहे. डर्बीच्या बाजूला मोटारींचे कारखाने आहेत, तिथं जपानी इंजिनिअर येतात, त्यांच्याबरोबर बायका येतात, आणि त्यांची बाळंतपणं इथल्या हॉस्पिटलात होतात. मावशी पुण्यात जपानी शिकली, लग्नानंतर परीक्षितकाकांबरोबर बरीच वर्षं नागोयाजवळ राहिली, मग काकांच्या नोकरीबरोबर इथं आली. जपानी बाईनं "माझ्या पोटात दुखतंय" म्हटलं की मावशीनं इंग्रजीत "तिच्या पोटात दुखतंय" म्हणायचं नसतं. "माझ्या पोटात दुखतंय" असंच म्हणायचं. तो नियमच आहे. समोरच्याचा "मी" आपल्या तोंडात घ्यायचा.

हे ऐकून मी म्हटलं होतं, "मावशी, म्हणजे आपलं दोघींचं काम सेमच की. मी मंडळाच्या कार्यक्रमांत अरुणाकाकूंचा आवाज काढते, तू पेशंट्सचा."

"तुला त्याचे हशे मिळतात," ती म्हणाली. "मला पार्किंगचं तिकीट मिळतं."

मग तिनं नियमाचा दुसरा भाग सांगितला. दुभाषीला खोलीत स्वतःचं काही बोलायचं असेल, तर "मी" म्हणता येत नाही. तो शब्द पेशंटकडे गेलेला असतो ना. स्वतःला "दुभाषी" म्हणायचं. एकदा एका पेशंटनं कळा देता देता तिला जपानीत विचारलं, तुम्हाला किती मुलं? खोलीत बोललेलं सगळं मिडवाइफला सांगायचं, हाही नियम. म्हणून मावशीनं इंग्रजीत सांगितलं, "पेशंट विचारते, दुभाषीला किती मुलं? दुभाषी म्हणते, नाहीत." आणि मग लगेच पुढची कळ आली आणि मावशी पुन्हा "मी" झाली. "मला सहन होत नाहीये," असं ती म्हणाली, म्हणजे ती बाई म्हणाली, म्हणजे मावशीच म्हणाली.

मी दर शनिवारी तिच्याकडे जपानी शिकायला जाते. कारण ॲनिमे. आईला सांगितलंय की युनिव्हर्सिटीच्या अर्जात बरं दिसतं.

तिच्या घरी वरच्या मजल्यावर देवाचं शेल्फ आहे. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, उदबत्तीचं घर, आणि एका कडेला पांढऱ्या सुती कापडात गुंडाळलेलं वीतभर लाकूड. एका शनिवारी डिक्शनरी आणायला वर गेले तेव्हा कापड जरा सरकलं होतं. मी पाहिलं. परत पाहिलं. खाली आले.

"मावशी, ते जे शेल्फवर..."

"हो," ती म्हणाली. "तेच आहे. आधी हसून घे."

मी हसून घेतलं. बराच वेळ लागला.

"झालं? आता ऐक. हसायला हरकत नाही, तिथंही हसतात. हसणं हा त्या पूजेचाच भाग आहे."

मग तिनं सांगितलं. नागोयाजवळ एका शिंतो देवळात दर मार्चमध्ये उत्सव असतो. हिनोकी नावाच्या सुवासिक लाकडाचं, माणसापेक्षा लांब लिंग कोरतात, दरवर्षी नवं. त्याची पालखी निघते. बेचाळिसावं वर्ष पुरुषाला वाईट मानतात, म्हणून त्या वयाचे पुरुष ती खांद्यावर घेतात. बायका छोटी छोटी लाकडं तान्ह्या मुलासारखी कवेत धरून पुढं चालतात, आणि बघणारे त्यांना हात लावून घेतात. रस्त्यावर तांदळाची दारू फुकट. शेवटी तांदळाच्या पिठाचे गोळे गर्दीवर फेकतात. आता परदेशी टुरिस्ट येतात, फोटो काढतात, फिदीफिदी करतात.

"तुझ्यासारखे," मावशी म्हणाली.

"पण अर्थ काय त्याचा?"

"पेरणीच्या आधीचा उत्सव आहे. जमिनीला सांगायचं, पिकू दे. बाईला सांगायचं, तुलाही. त्यांना शेत आणि कूस वेगळी वाटत नाहीत. आपल्याला तरी कुठं वाटतात? ओटी भरताना आपण काय घालतो?"

"तांदूळ," मी म्हटलं. आणि मग हसायचं राहून गेलं.

मावशीचं लाकूड त्या मोठ्या देवळातलं नव्हतं. तिच्या शेजारी शिमिझुआजी राहायच्या, त्या तिला आपल्या माहेरच्या गावी घेऊन गेल्या होत्या. भातशेतीच्या कडेला एवढंसं देऊळ, आत अशी लाकडं ठेवलेली, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. तिथली रीत अशी, की ज्यांना मूल हवंय त्यांनी त्यातलं एक उसनं न्यायचं. मूल झालं की ते परत आणायचं, आणि त्याच्या जोडीला आपलं एक. एक न्यायचं, दोन ठेवायची.

"म्हणजे देवाकडे स्टॉक वाढतच जातो," मी म्हटलं.

"हो. माझ्यामुळे एक कमी आहे."

मग ती टेबलावरचा कागद सरळ करत बसली. उपचार झाले होते, थांबलेही होते. ते सगळ्या मंडळाला माहीत होतं.

"मला ते परत करायचंय गं," ती म्हणाली. "आपलं नाहीच ते. कुणीतरी तिथं येऊन रिकामी जागा बघत असेल. पण एकटं कसं नेऊ? एकटं नेलं म्हणजे सांगितल्यासारखं होतं."

"काय सांगितल्यासारखं?"

"पान उलट," ती म्हणाली.

परीक्षितकाका मागे चहा गाळत होते. ते पुण्याचे आहेत, दर वाक्य "ॲक्च्युअली"नं सुरू करतात. "ॲक्च्युअली, मी हिला म्हटलं होतं, कुरियर करू."

"ऐकलंस?" मावशी म्हणाली. "देवाला ट्रॅकिंग नंबर पाठवू."

तर ते लाकूड कापडात राहिलं. मग स्वरालीला मुलगी झाली.

स्वराली आणि यशोधन पुण्याहून वर्क व्हिसावर आलेले, फ्लॅट एवढासा, दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे व्हिसा अडकलेले. मावशी म्हणाली, बारसं आमच्याकडे करा, खालची खोली मोठी आहे. त्या दिवशी सकाळीच हॉस्पिटलातून फोन आला आणि मावशी गळ्यात आयडी अडकवून निघून गेली. "तासाभरात येते. काकू, तुम्ही सुरू करा." हे वाक्य अरुणाकाकूंना म्हणायचं नसतं.

पाळणा यशोधननं ऑनलाइन मागवला होता. तो हलत नव्हता, बटन दाबलं की थरथरायचा. काकूंनी त्याचा प्लगच काढला. मग त्यांना आठवलं की वरवंटा नाही. बारशाला वरवंट्याला झबलं-कुंची घालून बाळासारखं सजवतात आणि पाळण्याच्या खालून-वरून या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात देतात, मग बाळ पाळण्यात. पण नॉटिंगहॅममध्ये सगळ्यांकडे मिक्सर. मागच्या बारशाला आम्ही मिरपुडीच्या लाकडी ग्राइंडरला झबलं घातलं होतं, आणि तो सगळ्या पाळण्याभर सांडला, बाळ तिन्हीसांजेपर्यंत शिंकत होतं.

"या वेळी असं काही चालायचं नाही," काकू म्हणाल्या आणि चादर शोधायला वर गेल्या. खाली आल्या तेव्हा चादर नव्हती. हातात पांढरं कापड होतं, चष्मा डोक्यावर होता आणि चेहरा एकदम खूश.

"पाहा! देवाजवळ ठेवून राहिली ही! एवढा छान लाकडी वरवंटा, आणि बोलली पण नाही आपल्याजवळ!"

मी स्वरालीकडे पाहिलं. स्वरालीनं माझ्याकडे पाहिलं. सांगणार कसं? त्या वस्तूसाठी मराठीत शब्द बरेच आहेत, पण अरुणाकाकूंसमोर उच्चारता येईल असा मला एकही येत नव्हता. तोवर काकूंनी पिवळं झबलं चढवलंसुद्धा. "अन्वी, कुंचीची गाठ बांध, डक. घट्ट नको, जीव घुसमटेल त्याचा." मी ओठ चावून गाठ बांधली. काजळाचा टिळासुद्धा लागला.

तेवढ्यात मावशी आली.

पाळण्याच्या वेळी मावशी कधीच खोलीत नसते. कुणी सांगितलेलं नाही, पण दर बारशाला त्याच वेळी तिला चहा टाकायचा असतो. काकूही कधी तिला हाक मारत नाहीत. त्या दिवशीही ती स्वयंपाकघराकडेच वळली होती. मग तिला पिवळं झबलं दिसलं. कोट अंगात, आयडी गळ्यात, ती तशीच बायकांमधून वाट काढत आली आणि पाळण्याच्या पलीकडच्या बाजूला गुडघ्यांवर बसली. मला वाटतं तिला ते फक्त काढून घ्यायचं होतं.

पण काकूंनी ते तेव्हाच पाळण्याखालून सरकवलं. "गोविंद घ्या!"

मावशीनं घेतलं. दोन्ही हातांनी. आणि जिथं बाळाची मान असते तिथं तिचा हात आपोआप गेला.

आता तिनं ते पाळण्यावरून परत द्यायचं, "गोपाळ घ्या" म्हणायचं, आणि झालं. ती देईना. कुंचीकडे बघत राहिली. सगळ्या थांबल्या. कुणाचा तरी फोन वाजून बंद झाला.

"अगं दे नं, डक," काकू हळू म्हणाल्या. काकू हळू बोलतात हे मला त्या दिवशी कळलं. "पोरगी झोपून जाईल."

"गोपाळ घ्या," मावशी म्हणाली.

मी नंतर घरी आरशासमोर ते दोन शब्द पुष्कळदा म्हणून पाहिले. तसे आले नाहीत.

स्वरालीच्या शेजारची काओरी पाहुणी म्हणून आली होती, नागोयाकडचीच. लाकूड पाळण्यावरून जाताना झबलं जरा वर सरकलं आणि तिनं ओळखलं. तिनं तोंडावर हात घेतला, मला वाटलं ही आता हसत सुटणार. पण देवळात करतात तसा तिनं दोनदा वाकून नमस्कार केला, दोन टाळ्या वाजवल्या, पुन्हा वाकली.

"पाहा," काकू सगळ्यांना म्हणाल्या, "याला म्हणतात संस्कार. आपल्या पोरी नुसत्या दात काढून राहिल्या."

सगळे गेल्यावर मावशी पायरीवर बसून कुंची सोडत होती. गाठ साधीच होती, मीच बांधलेली. तिला फार वेळ लागला. "आज हॉस्पिटलात काय झालं?" मी विचारलं. "मुलगा झाला," ती म्हणाली. "मला. म्हणजे..." आणि वाक्य तिथंच सोडून तिनं झबल्याची घडी घातली.

पुढच्या शनिवारी आम्ही धडा काढून बसलो होतो आणि दार वाजलं. अरुणाकाकू. हातात सुपरमार्केटची जाड पिशवी, ती दोन हातांनी धरलेली.

"चैत्राली, मले पाणी दे आधी." चिडल्या किंवा घाबरल्या की काकूंचं "मला"चं "मले" होतं. पाणी पिऊन त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. टेबल हललं. आत काळ्या दगडाचा वरवंटा होता. "नागपूरहून आणला होता, लग्नानंतर. गॅरेजमध्ये पेंटच्या डब्यांमागे होता. तेव्हा आठवलंच नाही."

"काकू, पण बारसं तर झालं," मावशी म्हणाली.

"माहीत आहे नं. मीच केलं." काकूंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुझ्या त्या लाकडाचं काओरीनं स्वरालीला सांगितलं, स्वरालीनं मले. काय आहे, कुठलं आहे, सगळं. तू लाजू नको. एवढी वर्षं जीपीच्या रिसेप्शनवर बसली मी, डक. लोकांनी काय काय बाटल्यांतून आणून ठेवलं माझ्यासमोर, तुले काय सांगू."

मी टेबलाखाली गेले, हसायला. वर कुणी हसत नव्हतं म्हणून बाहेर आले.

"दोन न्यावे लागतात म्हणे," काकू म्हणाल्या. "हा घे दुसरा."

"मूल झाल्यावर न्यायचे असतात, काकू."

"मग? झालं नं मूल. तुझ्या घरात बारसं झालं, तुझ्या हातातून पाळण्यात गेली पोरगी. अजून काय पाहिजे त्या देवाला? बर्थ सर्टिफिकेट?"

 मावशीनं वरवंट्यावर हात ठेवला. दगड थंड असणार, गॅरेजमधला. तिनं हात काढला नाही.

"आणि ते डोहाळजेवणाचं," काकू दाराशी जाऊन म्हणाल्या, पाठ फिरवून. "बांगड्यांचं. ते मीच सुरू केलं होतं. तुझ्यासाठी इतकं वाटत होतं नं, की खरंच वाटलं." आणि गेल्या. पिशवी विसरल्या.

परीक्षितकाकांनी मार्चची तिकिटं काढली. वरवंट्याचं वजन केलं, बॅगेत बसवलं, "ॲक्च्युअली, सिक्युरिटीला काय सांगायचं?" असं तीनतीनदा विचारलं. मावशी मात्र दर शनिवारी थोडी थोडी मागं सरकत होती. तिथं पाऊस असेल. शिमिझुआजी आता नाहीत, ओळखणारं कोण? पुजारी नवा असेल. दगड घेतील का? जायच्या आदल्या शनिवारी मी वर गेले तर बॅग भरलेली, आणि लाकूड शेल्फवरच. कापडात, गणपतीशेजारी.

"मावशी, तू नाही देणार ते," मी खाली येऊन म्हटलं. "तू दारापर्यंत जाशील आणि परत घेऊन येशील. लाव पैज."

मला वाटलं ती म्हणेल, पान उलट. ती म्हणाली, "लाव. हरलीस तर काय?"

"तू सांगशील ते."

"बरं," ती म्हणाली, आणि उठून वर गेली.

त्या दोघांनी परत आल्यावर जे सांगितलं ते असं. पाऊस होताच. देऊळ होतं. पुजारी तरुण होता, जीन्सवर झगा चढवत आला. त्यानं लाकूड दोन्ही हातांनी घेतलं आणि जागेवर ठेवलं, जागा होतीच. मग वरवंटा पाहून विचारलं, हे काय? मावशीनं सांगितलं, आमच्याकडे याला कपडे घालून बाळ म्हणतात. तो हसला नाही. हसला असता तरी चाललं असतं, मावशी म्हणाली. त्यानं वरवंटा लाकडाच्या शेजारी ठेवला आणि विचारलं, प्रार्थनेत नाव कोणाचं घेऊ?

इथं मावशी थांबली आणि चहाचे कप उचलून आत गेली. पुढचं काकांनी सांगितलं.

"ॲक्च्युअली," ते म्हणाले, आणि टेबलावर सांडलेला चहाचा थेंब बोटानं पुसला. "मला जपानी येतं ते फॅक्टरीपुरतं. देवळातलं तर अजिबात नाही. तो डोळे मिटून लांबलचक काहीतरी म्हणत होता. त्यातला मला एकच शब्द कळला. आम्ही एक नाव ठरवलं होतं, मुलगी झाली तर. फार पूर्वी. मला वाटलं होतं, ही विसरली."

ते नाव मी विचारलं नाही. ते सांगणारही नव्हते.

मावशी बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात माझ्यासाठी आणलेली तांदळाची बिस्किटं होती. मी वर जाऊन बघून आले. शेल्फवर कडेला लाकडाएवढी जागा रिकामी होती. तिथली धूळ अजून कुणी पुसली नव्हती.

"हरलीस," ती म्हणाली.

"हरले. बोल."

"वर्षभर अरुणाकाकूंचा आवाज काढायचा नाही."

"मावशी! दुसरं काहीही माग!"

"नाही. हेच."

आता हे लिहिताना काकू जिथं जिथं बोलल्या ते मोजायचं नाही, लिहिलेल्याला आवाज नसतो, असं मी तिला पटवून देतेय. ती म्हणते, मोजायचं.